गो. ब. देवल : तालीम मास्तरची लेखणी

कृष्णाकाठ | १४ जून, रात्री ९.१५

आज १४ जून. १९१६ साली याच दिवशी गोविंद बल्लाळ देवल गेले. नाट्य परिषदेचे पुरस्कार देवल स्मृतिदिनाला जोडलेले असल्यामुळे वर्षातून एकदा त्यांचं नाव बातम्यांत येतं, आणि येतं ते नाटककार म्हणून. मला त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल लिहायचंय.

मी सांगलीचा. आमचा हौशी गट मार्चपासून देवलांचं 'शारदा' बसवतोय, पैशासाठी म्हाताऱ्याला दिल्या जाणाऱ्या मुलीचं नाटक. दिग्दर्शन माझ्याकडे आहे. या नाटकाची पदं लहानपणापासून कानावर आहेत, तीन-चार प्रयोगही पाहिलेत. पण वही हातात घेऊन माणसं उभी करायला लागलो आणि दुसऱ्याच आठवड्यात जाणवलं की हे लिहिणारा गृहस्थ रोज नटांपुढे उभा राहणारा होता. वाक्य कुठे तुटावं, कुणी कुठे वळावं, पद संपल्यावर समोरच्यानं काय करावं, हे सगळं त्यानं शब्दांतच पेरून ठेवलंय.

थोडी माहिती. देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ चा, आमच्या शेजारच्या हरिपूरचा, जिथे वारणा कृष्णेला मिळते. शिक्षण बेळगावात. तिथे त्यांना शिक्षक भेटले बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजेच अण्णासाहेब. वर्गातलं ते नातं पुढे रंगभूमीवर गेलं. देवल स्वतःही बेळगावात शिक्षक होते. किर्लोस्करांच्या नाटकांत त्यांनी कामं केली, नंतर आर्योद्धारक या नाटक कंपनीच्या तालमी घेतल्या आणि पुढे किर्लोस्करांच्या कंपनीचे, किर्लोस्कर मंडळीचे, तालीम मास्तर झाले. तेव्हा 'दिग्दर्शक' हा शब्द नव्हता. जाहिरातीत तालीम मास्तरचं नाव ठळक छापायची रीतही नव्हती. त्यामुळे या कामाचा पुरावा कागदावर थोडा आणि नटांच्या अंगात जास्त उतरला. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांत बालगंधर्व होते, गणपतराव बोडस होते.

आता उदाहरण देतो. 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान' हे पद कुणाला माहीत नाही? पुढची ओळ पाहा :

दंताजीचे ठाणे उठले, फुटले दोन्ही कान
डोळे रुसले काही न बघती, नन्ना म्हणते मान

आमच्या पोरी हे पद आधी नुसतं ताठ उभ्या राहून म्हणायच्या. चाल बरोबर, सूर बरोबर, पण जागा मेलेली. एक दिवस मी म्हटलं, गाऊ नका, फक्त वाचा आणि जे वाचताय ते करा. 'ठाणे उठले' म्हटल्यावर एकीनं आपसूक ओठ आत घेतले. 'फुटले दोन्ही कान'ला दुसरीनं तळवा कानामागे नेला. 'रुसले'ला तिसरीनं तोंड फिरवलं. आणि 'नन्ना म्हणते मान'! म्हाताऱ्याची मान आपोआप हलते आणि ती हलते नकाराच्या दिशेनं. एका ओळीत दोन अभिनय आहेत : थरथर आणि नाही म्हणणं. लग्नाला निघालेल्या म्हाताऱ्या भुजंगनाथाची स्वतःची मान नको म्हणतेय.

घरी बसून यमकं जुळवणाऱ्याला हे सुचलं नसतं असं माझं ठाम मत आहे. दर अर्ध्या ओळीला नटाच्या हातात एक काम दिलंय. ही तालीमखान्यातली लेखणी आहे.

तुम्ही देवलांची नाटकं केली असतील, पाहिली असतील, तर तालमीतलं काही आठवतंय का? लिहा.

जुई | १४ जून, रात्री ९.५२

किती सुंदर लिहिलंत. 'नन्ना म्हणते मान' मी आजवर शंभरदा ऐकलं असेल, पण ती मान माझ्या डोळ्यासमोर आजच हलली.

माझी आजी हे पद पोळ्या लाटताना म्हणायची. तिच्या आईचं लग्न नऊव्या वर्षी झालं होतं. आजी हसत म्हणायची, पण याच नाटकातलं 'मूर्तिमंत भीती उभी मजसमोर राहिली' आलं की गप्प व्हायची. ते पद तिनं कधी पुरं म्हटलेलं मला आठवत नाही.

एक विचारायचं होतं. शारदा कायदा झाला तो या नाटकामुळेच ना? आम्हाला शाळेत बाईंनी तसंच सांगितलं होतं.

रंगपट | १४ जून, रात्री १०.२०

जुई, हा समज फार जुना आहे आणि महाराष्ट्रात घरोघर आहे. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा ज्यांनी मांडला ते अजमेरचे हरबिलास सारडा. त्यांच्या आडनावावरून तो सारडा कायदा. आपल्याकडे 'सारडा'चं 'शारदा' झालं, कारण लोकांच्या तोंडी तीस वर्षं आधीपासून शारदा होती. नाव नाटकावरून पडलं नाही. पण एका राजस्थानी आडनावाला मराठी माणसानं न विचारता आपल्या नाटकातल्या मुलीचं नाव दिलं, यात त्या नाटकाचं वजन कळतं. कायद्यानं मुलीचं वय १४ आणि मुलाचं १८ ठरवलं, अंमल १ एप्रिल १९३० पासून.

'शारदा'चा पहिला प्रयोग १३ जानेवारी १८९९ ला इंदूरला किर्लोस्कर मंडळीनं केला. भाऊराव कोल्हटकर त्यात नायक कोदंड होते. ज्या भाऊरावांच्या 'सौभद्र'मधल्या सुभद्रेवर लोक जीव टाकत, ते वयोमानानं पुरुषभूमिकांकडे वळलेले. दोन वर्षांनी, १९०१ मध्ये, ते गेले.

कृष्णाकाठ, तुमच्या मुद्द्याला एक पुरवणी. देवल ज्यांच्याकडून शिकले त्या अण्णासाहेबांकडेही असंच पाहावं लागतं. ३१ मार्च १८४३ चा जन्म, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. गंमत म्हणजे त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला तुमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. अण्णासाहेब शिक्षक झाले, पोलीस खात्यात गेले, मग पुण्याला रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत लागले. तिथे पारशी कंपनीचं 'इंद्रसभा' पाहून त्यांच्या मनानं घेतलं की असं मराठीत झालं पाहिजे. ३१ ऑक्टोबर १८८० ला आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतल'चे पहिले चार अंक उभे राहिले. स्वतः सूत्रधार. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, बाळकोबा नाटेकर कण्व, शंकरराव मुजुमदार शकुंतला. १८८२ मध्ये 'सौभद्र'. १८८४ मध्ये 'रामराज्यवियोग', तेही अपुरं राहिलं. २ नोव्हेंबर १८८५ ला माणूस गेला.

हिशोब करा. संगीत नाटककार आणि दिग्दर्शक म्हणून उणीपुरी पाच वर्षं. तेवढ्यात त्यांनी साचा पाडला. भाव्यांच्या खेळात गाणं सूत्रधाराकडे असायचं, पात्रं बोलायची. किर्लोस्करांनी गाणं पात्राच्या तोंडी दिलं. दुष्यंत स्वतः गातो, सुभद्रा स्वतः रडते. आज हे इतकं सहज वाटतं की कुणीतरी पहिल्यांदा ठरवून केलं हे लक्षातही येत नाही.

कृष्णाकाठ | १४ जून, रात्री १०.४१

रंगपटकाका, मनापासून आभार. 'गाणं पात्राच्या तोंडी दिलं' हे तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. मीच हे लिहायला हवं होतं.

अनिकेत | १५ जून, सकाळी ७.३०

चांगला धागा. थोडा वेगळा सूर लावतो, गैरसमज नको.

देवलांची नाटकं सात. 'दुर्गा' इंग्रजी शोकान्तिकेवरून. 'मृच्छकटिक' शूद्रकावरून. 'विक्रमोर्वशीय' कालिदास. 'झुंझारराव' म्हणजे ऑथेल्लो. 'शापसंभ्रम' बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून. 'संशयकल्लोळ' मर्फीच्या इंग्रजी प्रहसनावरून, आणि तेही मुळात मोलिएरचं. स्वतंत्र एकच, 'शारदा'. सातांत एक. मग 'थोर नाटककार' म्हणताना आपण जरा सैल हातानं देतोय का?

शिवाय 'शारदा'चा शेवट मला कायम खटकत आलाय. पंचाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला मुलगी विकली जातेय आणि लग्न मोडतं कशामुळे, तर दोघं सगोत्र निघाले म्हणून! पुढे शारदा नदीवर जीव द्यायला जाते, कोदंड वाचवतो आणि शेवटी शंकराचार्यांच्या निर्णयानं सगळं मार्गी लागतं. म्हणजे अन्यायावर बोट ठेवायचं आणि सुटका मात्र शास्त्रातल्या पळवाटेनं करायची. आगरकरांच्या महाराष्ट्रात हे धाडस कमी नाही का?

सुलभाताई | १५ जून, सकाळी ९.०५

अनिकेत, तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर मी बरीच वर्षं विचार केलाय. कॉलेजात 'शारदा' शिकवत होते, दर वर्षी कुणीतरी हाच प्रश्न विचारी.

१८९९ साल धर. त्या मांडवात उभं राहून लग्न थांबवायला तुझ्या हातात काय होतं? १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला होता. त्यानं वय दहावरून बारावर नेलं, पण ते शरीरसंबंधापुरतं. लग्न कुठल्याही वयात लागू शकत होतं. नवऱ्याचं वय किती असावं याबद्दल ना सरकार काही म्हणत होतं, ना भटजी. मुलीचा बाप पैसे घेऊन मोकळा, त्यालाही कुणी अडवत नव्हतं. मांडवात जमलेल्या शंभर माणसांना एकच गोष्ट थांबवू शकत होती : सगोत्र.

मुलगी पोटच्या बापानं विकली, हे सगळ्यांना चालतं. म्हाताऱ्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, हेही चालतं. गोत्र एक निघालं की मात्र मांडवात हाहाकार. देवलांनी समाजाला त्याचाच तराजू हातात दिला आणि म्हणाले, बघा तुम्ही काय तोलता ते. मला यात पळवाट दिसत नाही, मला यात संताप दिसतो. तो ओरडत नाही इतकंच.

आणि शंकराचार्य. सप्तपदी झाली नाही म्हणून लग्न पुरं झालं नाही, ही व्यवस्था त्यांच्या तोंडून येते हे खरं. पण प्रेक्षागृहात बसलेला जो माणूस आगरकरांचं वर्तमानपत्र हातात धरत नव्हता, तो शंकराचार्यांचं ऐकणार होता. देवलांना त्याच माणसाशी बोलायचं होतं. आधीपासून पटलेल्यांसाठी रात्र रात्र चालणारं नाटक लिहायची गरज नसते.

जुई | १५ जून, सकाळी ९.२०

सुलभाताई, हे वाचून थांबले जरा. आजीला वाचून दाखवायला हवं होतं.

काळी_दोन | १५ जून, दुपारी १.१५

मी पेटीवाला, संगीत नाटकांना साथ करतो. साहित्याचं मला कळत नाही, पदांचं सांगतो.

देवलांच्या छापील नाटकात पदावर चाल लिहिलेली असते. अमुक पदाच्या चालीवर, अमुक लावणीच्या चालीवर, कुठे साकी, कुठे दिंडी असे छंद. म्हणजे लिहितानाच चाल डोक्यात. किर्लोस्करांचंही तसंच, त्यांच्या पदांत कानडी चाली किती आल्या ते बेळगावकडच्या माणसाला सांगायला नको. लेखक तोच, चाल निवडणारा तोच, तालीम देणारा तोच. तिन्ही कामं एका डोक्यात.

पुढे ही कामं वेगळी झाली. १९११ च्या 'मानापमान'ला खाडिलकरांची पदं आणि चाली गोविंदराव टेंब्यांच्या. १९१६ च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखले. गाणं मोठं झालं, रागदारी रंगमंचावर आली, ते ऐश्वर्य कुणी नाकारू नये. माझी बोटं त्याच पदांवर तयार झालीत. पण 'शाकुंतल'सारख्या नाटकात दोनशेच्या घरात पदं होती, ती कशी मावायची? कारण पद लहान. दोन ओळींची साकी म्हणून नट पुढच्या वाक्यावर येई. पद म्हणजे संवादाचा पुढचा भाग. नंतर पदं पन्नासावर आली आणि एकेक पद वीस मिनिटं चाललं.

त्यामुळे देवलांच्या पदाला साथ करताना माझा नियम आहे : शब्द संपेपर्यंत माझा हात खाली. 'मूर्तिमंत भीती'ला मी सुरुवातीला फक्त षड्ज, म्हणजे सा, धरतो. तिला आधी घाबरू दे, मग गाऊ दे.

कृष्णाकाठ | १५ जून, दुपारी २.००

काळी_दोन, तुमचा नियम मी आजच आमच्या पेटीवाल्याला सांगतो. 'तिला आधी घाबरू दे' हे तर मी वहीत लिहून घेतलं.

अनिकेत, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण माझा धागाच त्याच्यावर उभा आहे. सात नाटकांपैकी सहांचा कथाभाग बाहेरचा, हे बरोबर. पण 'संशयकल्लोळ'चा प्रवास पाहा. १८९३ च्या सुमाराला हे गद्य नाटक म्हणून आलं, 'तसबिरीचा घोटाळा'. संगीत रूप १९१६ चं, गंधर्व नाटक मंडळीचं. बोडस फाल्गुनराव, बालगंधर्व रेवती. मधे वीस-बावीस वर्षं. एवढ्या काळात तो माणूस नटांबरोबर काम करत होता.

आता रचना बघा. रस्त्यात रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते खिडकीतून बायको बघते. रेवतीच्या हातातली तसबीर पडते, ती बायकोला सापडते. बायकोच्या हातात परपुरुषाची तसबीर नवरा बघतो. झालं! सगळा खेळ कोण कुठे उभं आहे आणि कुणाला काय दिसतंय यावर. हा मोलिएरचा सांगाडा आहे हे मान्य. पण देवलांनी पुरुषांना महिन्यांची नावं दिली आणि बायकांना नक्षत्रांची. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, नोकर भादव्या. कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. एक पंचांग उघडून सगळं नाटक मराठी करून टाकलं. पात्राच्या नावानं हाक मारली की घर आपलं वाटतं, पॅरिस आठवत नाही, लंडनही नाही.

आणि पदांचा भार मुख्यतः अश्विनशेठ-रेवतीवर ठेवला. ज्यांचं प्रेम आहे ते गातात. संशयानं पछाडलेला फाल्गुनराव बोलतच सुटतो. कुणी गायचं आणि कुणी बोलायचं हे ठरवणं लेखकाचं काम की दिग्दर्शकाचं? देवलांच्या बाबतीत हा प्रश्नच उरत नाही.

अनिकेत | १५ जून, दुपारी ३.४०

महिने आणि नक्षत्रं! तीन वेळा नाटक पाहिलंय, हे लक्षात आलं नव्हतं. मुद्दा मान्य. सुलभाताईंचंही वाचलं, शेवटाबद्दलचं मत बदलावं लागतंय. 'शारदा' पुन्हा काढून वाचतो.

अंत्रुज | १५ जून, सायंकाळी ७.१०

कृष्णाकाठबाब, गोंयचा एक नमस्कार.

आमच्याकडे देवळाच्या उत्सवात गावची माणसं संगीत नाटक करतात. दुकानदार, शिक्षक, बसचा कंडक्टर, सगळे. 'सौभद्र', 'शारदा', 'संशयकल्लोळ', 'मृच्छकटिक' ही आमच्या घरची नाटकं. आम्ही घरी कोंकणी बोलतो, पण या नाटकांचं मराठी आमच्या जिभेवर लहानपणापासून असतं. माझ्या वडिलांनी वीस वर्षं 'मृच्छकटिक'मधला चारुदत्त केला. शाळेत त्यांचं शिक्षण पोर्तुगीजात झालेलं. मराठी ते बहुतेक नाटकांतून आणि कीर्तनांतून शिकले.

'रजनीनाथ हा नभी उगवला' ते मंदिराच्या अंगणात गायचे तेव्हा मी पडद्यामागे पेट्रोमॅक्सजवळ बसलेला असे. पदाआधी ते एक क्षण वर बघायचे. आम्ही मुलंही वर बघायचो. एकदा खरोखर अमावास्या होती. तरी आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं.

तुमचं वाचून आज कळलं की ते वर बघणं त्या ओळीतच आहे. 'हा' शब्द बघा ना. 'रजनीनाथ हा'. 'हा' म्हटल्यावर बोट किंवा डोळे तिकडे गेलेच पाहिजेत. देवलांनी 'हा' लिहिला आणि वडिलांनी मान वर केली.

कृष्णाकाठ | १५ जून, सायंकाळी ७.३२

अंत्रुज, मी धाग्यात जे दहा वाक्यांत सांगायला धडपडलो ते तुम्ही एका 'हा'मध्ये दाखवलंत. वडिलांना माझा नमस्कार पोचवा, असतील तर. नसतील तर त्यांच्या आठवणीला.

एडिसन | १६ जून, पहाटे ५.५०

अमेरिकेतून लिहितोय. आमच्या मंडळानं मागे 'संशयकल्लोळ' केलं होतं, दोन तासांत बसवून. मी भादव्या होतो. एक अडचण सांगतो, इथल्या जाणत्यांनी मार्ग सुचवावा.

आम्ही कापताना 'गाणी कमी करू, गोष्ट ठेवू' असं धोरण ठेवलं. प्रयोग बरा झाला, लोक हसले. पण अश्विनशेठ आणि रेवती अगदी पुठ्ठ्याचे वाटले. तेव्हा नटांना दोष दिला. आता वर वाचून वाटतंय की चूक कात्रीची होती. ज्यांचं बोलणंच पदांत आहे त्यांची पदं काढली तर उरतं काय? येत्या वर्षी पुन्हा करायचा विचार आहे. वेळ तेवढाच मिळणार. मग कापायचं काय?

रंगपट | १६ जून, सकाळी ८.४५

एडिसन, पदं काढू नका, पदं आखूड करा. एक कडवं, एक आवर्तन, पुढे चला. मूळ शैली तीच होती, काळी_दोन यांनी वर सांगितलंच. 'कर हा करी धरिला शुभांगी' दीड मिनिटात म्हटलं तरी त्यातली माया पोचते. लोक अडतात ते तानांवर. वन्समोअरची हौस असेल तर एकाच पदाला द्या, सगळ्यांना नको.

गद्यात मात्र कात्री चालवायला जागा आहे. फाल्गुनरावाची स्वगतं लांब आहेत. तेव्हा बोडसांसारखा नट असल्यावर प्रेक्षक तास तास ऐकत. आज अर्धी पुरतात.

जाता जाता आणखी एक नाव. लेखन आणि दिग्दर्शन एका हातात असलेली परंपरा देवलांपाशी संपली नाही. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी 'कट्यार काळजात घुसली' लिहिलं आणि बसवलं, १९६७ मध्ये. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. तिथेही पाहा, गाणं काढलं तर कथाच उरत नाही, कारण कथाच गाण्याच्या मालकीची आहे. दारव्हेकरांवर कुणीतरी स्वतंत्र धागा काढा. त्यांच्या बालनाट्यांसह. मी जमेल तेवढं लिहीन.

सुलभाताई | १६ जून, सकाळी १०.१०

दारव्हेकरांच्या धाग्याला माझं अनुमोदन.

कृष्णाकाठ, एक राहिलंच. तुम्ही वर 'आमच्या पोरी' म्हणालात. १८९९ मध्ये त्या सगळ्या पोरी म्हणजे कंपनीतले मुलगे होते. शारदाही मुलगा, तिची मैत्रीण वल्लरीही मुलगा. घर सोडून कंपनीच्या बिऱ्हाडात राहणारे. त्यांना देवलांनी शिकवायचं काय, तर म्हाताऱ्याशी लग्न ठरलेल्या मुलीची भीती. ती त्यांनी कुठून आणली असेल, कशी समजावली असेल, याचा विचार मी नेहमी करते. 'मूर्तिमंत' हा शब्द मला तिथे फार मोलाचा वाटतो. भीती मनात असते असं सांगितलं तर त्या मुलाला काही करता येणार नाही. भीती समोर उभी आहे म्हटलं, मूर्तीसारखी, की त्याला मागे सरकता येतं.

काळी_दोन | १६ जून, सकाळी १०.२५

सुलभाताई, दंडवत.

जुई | १६ जून, सकाळी १०.४०

प्रयोग कधी आहे कृष्णाकाठ? पुण्याहून आम्ही चौघीजणी येऊ.

कृष्णाकाठ | १७ जून, रात्री ११.२०

प्रयोग पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आधी. तारीख ठरली की इथेच टाकतो. प्रत्येकानं यायचंय. एडिसन, तुम्ही रेकॉर्डिंग बघा आणि चुका कळवा.

आज तालमीआधी गटाला घेऊन हरिपूरला गेलो होतो. सांगलीहून जवळच आहे. संगमेश्वराचं दर्शन घेतलं, घाटावर बसलो. देवलांनी 'शारदा' इथेच नदीकाठी पारावर बसून लिहिली असं गावातले लोक सांगतात. पाणी वाढायला सुरुवात झालीये, गढूळ लाल. आमची शारदा करणारी मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती बराच वेळ पाण्याकडे बघत बसली होती. मी काही बोललो नाही.

संध्याकाळी तालमीत 'मूर्तिमंत भीती' घेतलं. पेटीवाल्यानं नुसता षड्ज धरला. सुलभाताई, मी तिला तुमचं 'समोर उभी आहे' एवढंच सांगितलं. तिनं पहिली ओळ गायलीच नाही, म्हटली. हळू. आणि म्हणताना दोन पावलं मागे गेली, तर मागे कोपऱ्यात तानपुरा ठेवला होता त्याला टेकली. तिथून पुढे सूर लावला.

तानपुरा आता तिथेच ठेवायचं ठरवलंय.